स्पायरल अ‍ॅलो जगवायचा तर आधी मुळं थंड ठेवा

ताई, तुमचा प्रश्न आणि फोटो दोन्ही नीट बघितले. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. ताई कॅलिफोर्नियात सॅन रॅमोनला राहतात, मार्चमधे त्यांनी नर्सरीतून स्पायरल अ‍ॅलो आणला, म्हणजे कोरफडीचाच भाऊबंद, मोठा झाल्यावर पानं गोल फिरत जाणारा, जेमतेम वीतभर रुंद, काळ्या प्लास्टिकच्या मोठ्या कुंडीत, विकतच्या कॅक्टस मिक्समधे लावून पॅटिओच्या काँक्रीटवर दक्षिणेच्या बाजूला ठेवला. मे पर्यंत मस्त वाढला. जुलैमधे उष्णतेची लाट आली तशी खालची पानं पिवळी पडून मऊ झाली, तहान लागली असेल म्हणून त्यांनी रोज संध्याकाळी थोडं थोडं पाणी घातलं, आणि आता हात लावला की रोप बुंध्यात डुगडुगतंय. प्रश्न असे की पाणी जास्त झालं का कमी, वाचेल का, पुण्याला भावासाठी एखादं रोप नेता येईल का, आणि याची पानं अजून गोल का फिरत नाहीत.

पाणी किती घातलं हे नंतर बघू, मूळ कारण उष्णता आहे, आणि ती सुद्धा हवेतली नाही, कुंडीतली. पण आधी रोप वाचवायचं काम, कारण ते आजच करायला हवं, उद्यावर टाकू नका.

रोप कुंडीतून बाहेर काढा, सगळी माती झटकून नळाखाली मुळं धुवा. निरोगी मूळ पांढरट किंवा पिवळसर असतं आणि बोटानं दाबलं तर टणक लागतं. काळी, तपकिरी, दाबल्यावर साल सुटून हातात येणारी मुळं सगळी कापायची, दया करायची नाही. बुंधाही बघा, मऊ भाग असेल तर स्पिरिटनं पुसलेल्या धारदार सुरीनं पातळ पातळ चकत्या काढत वर जायचं, आतलं सगळं स्वच्छ पांढरं-हिरवं दिसेपर्यंत, एक तपकिरी ठिपका राहिला तरी कूज तिथूनच परत सुरू होते. पिवळी पडलेली खालची पानं ओढून काढून टाका. मग हे रोप सावलीत, वारा असेल अशा जागी, घरातल्या थंड खोलीत चालेल, ४-५ दिवस उघडं सुकू द्या, बुंधा कापावा लागला असेल तर आठवडाभर. नंतर मातीच्या कुंडीत निव्वळ प्युमिस (ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड) घालून त्यावर बसवा, हलू नये म्हणून बाजूनं दगड लावा, आणि प्युमिस फक्त ओलसर ठेवा. खत अजिबात नाही, ऊन नाही. नवी मुळं फुटायला रात्री थंड लागतात, म्हणून ऑगस्टमधे काही दिसलं नाही तर घाबरू नका, सप्टेंबर-ऑक्टोबरमधे हलकेच हलवून बघा, रोप घट्ट लागलं की मुळं धरली असं समजा. फोटोत पोंगा, म्हणजे मधली कोवळी पानं, अजून घट्ट आणि हिरवा दिसतोय, आणि पोंगा शाबूत असेल तर हे रोप बरेचदा परत उठतं.

आता असं झालं का ते. हे झाड आहे अ‍ॅलो पॉलिफिला, लेसोथो देशाचं राष्ट्रीय फूल, तिथल्या सेसोथो भाषेत लेखाला खारात्सा. जगात नैसर्गिकरीत्या फक्त तिथेच वाढतं, मालुटी डोंगररांगांत, साधारण २००० ते २५०० मीटर उंचीवर. लेसोथो हा असा देश आहे की त्याची सगळ्यात सखल जागासुद्धा १४०० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे जवळपास महाबळेश्वरच्या माथ्याइतकी. तिथे उभ्या उताराला, बसाल्टच्या सुट्या दगडगोट्यांच्या फटीत हे झाड वाढतं. पाऊस उन्हाळ्यात पडतो, वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास, वर धुकं, आणि हिवाळ्यात बर्फ. म्हणजे वाढीच्या दिवसात पाणी सारखं मिळतं, पण ते थंड असतं आणि उतारावरून दगडांमधून वाहून जातं, मुळांपाशी साचत नाही. उन्हाचं म्हणाल तर तिथलं ऊन कडक असतं, पण हवा थंड आणि मुळं दगडांच्या खोल फटीत सावलीला.

आपल्याकडे अ‍ॅलो म्हटलं की कोरफड डोळ्यासमोर येते, गच्चीत कोपऱ्यात पडलेली, महिना महिना पाणी नाही तरी जिवंत, आणि मग त्याच हिशोबानं लोक या झाडाला वागवतात. तिथेच सगळं बिनसतं, कारण हे वाळवंटी झाड नाही, हे डोंगरी झाड आहे आणि याचा स्वभाव हिमालयातल्या खडकांवरच्या झाडांच्या जवळ जातो. शेतकरी ज्याला वापसा म्हणतात ना, म्हणजे ओल आहे पण मातीत हवाही खेळती आहे, ती अवस्था याला बारा महिने हवी असते, आणि ती सुद्धा थंडाव्यात.

उष्णतेनं नक्की काय होतं ते एकदा समजलं की बाकीचे नियम पाठ करायची गरज राहत नाही. मुळांना श्वास घ्यायला ऑक्सिजन लागतो आणि ओल्या मातीत तो पाण्यात विरघळलेला असतो. १० डिग्रीच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० डिग्रीला तोच साडेसातच्या आसपास येतो. उलट तापमान १० डिग्रीनं वाढलं की मुळांची आणि मातीतल्या जंतूंची ऑक्सिजनची गरज जवळपास दुप्पट होते. म्हणजे मागणी दुप्पट आणि पुरवठा कमी, अशात मुळं गुदमरतात, आणि गुदमरलेल्या मुळावर पिथियम, फ्युसॅरियम असल्या बुरश्या तुटून पडतात, ज्यांना गरम आणि ओलं नेमकं आवडतं. मुळं मेली की वर पानं मलूल दिसतात, माणसाला वाटतं पाणी कमी पडलं, तो अजून पाणी घालतो आणि उरलीसुरली मुळंही जातात. तुमच्याकडे बहुतेक हेच झालंय, आणि हे कोणाचंही होऊ शकतं कारण तहानेची आणि मुळकुजीची लक्षणं लांबून सारखीच दिसतात.

फरक ओळखायचा कसा, तर तहानलेला स्पायरल अ‍ॅलो पानं आत मिटून घेतो, सगळा गुच्छ बंद झाल्यासारखा दिसतो, पानांची टोकं वाळून तपकिरी होतात, पण पान दाबलं तर पातळ आणि चिवट लागतं. मुळकूज असेल तर खालची पानं पिवळी, पाणीदार, मऊ होतात आणि रोप डुगडुगतं. (टोकं नुसती जांभळट-काळपट असणं हा याचा नैसर्गिक रंग आहे, त्याची काळजी नको.)

काळी कुंडी आणि काँक्रीट ही जोडी तर फारच वाईट. हवा ३८ डिग्री असताना उन्हातल्या काळ्या प्लास्टिक कुंडीच्या कडेची माती ४५-५० पर्यंत सहज जाते, खालून काँक्रीट तापतं ते वेगळंच आणि संध्याकाळी सूर्य गेल्यावरसुद्धा ते तास न् तास उष्णता सोडत राहतं. त्यात संध्याकाळी घातलेलं पाणी म्हणजे गरम ओलसर मातीत मुळांची रात्रभर आंघोळ. तरी तुमच्या भागाची एक गोष्ट या झाडाच्या बाजूनं आहे, ती म्हणजे रात्री. सॅन रॅमोनला दिवसा ३८ झालं तरी बहुतेक रात्री पारा १४-१६ पर्यंत उतरतो, खाडीवरून गार हवा येते. अ‍ॅलो जातीची झाडं पर्णरंध्रं रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि दिवसा बंद ठेवतात, त्यामुळे रात्र थंड असणं हे त्यांच्यासाठी दिवसाच्या तापमानापेक्षाही महत्त्वाचं. बर्कलीच्या युनिव्हर्सिटी बोटॅनिकल गार्डनमधे दक्षिण आफ्रिकेच्या विभागात याची सुंदर झाडं जमिनीत लावलेली आहेत, वेळ काढून एकदा जाऊन या, आणि झाडापेक्षा ते लावलंय कसं ते बघा, उतार, दगड, कुठल्या बाजूला कललंय वगैरे. अर्थात बर्कलीचा उन्हाळा तुमच्यापेक्षा खूपच गार असतो, तिथे भर उन्हात चालतं ते तुमच्याकडे चालणार नाही.

तुमच्या जागेसाठी माझा सल्ला असा की रोप परत सावरलं की पुढच्या ऑक्टोबरमधे जमिनीतच लावा. जमीन हीच सगळ्यात थंड कुंडी, वीतभर खाली गेलं की दिवसभराच्या तापमानाची चढउतार बरीचशी विरून जाते. घराच्या पूर्वेची बाजू निवडा, जिथे सकाळचं ऊन ११ पर्यंत मिळेल आणि नंतर घराची सावली येईल. तुमच्याकडची माती चिकणमाती आहे, त्यात खड्डा करून लावलंत तर हिवाळ्याच्या पावसात तो खड्डा हौद होईल, म्हणून खड्डा नको, वर उंचवटा करा, दीड-दोन फूट उंच, अर्धा प्युमिस किंवा लाव्हा रॉक, बाकी बागेची माती आणि थोडं कंपोस्ट, मधे मधे मोठे दगड पुरून. रोप सरळ लावू नका, उतारावर तिरकं लावा, म्हणजे पोंग्यात पाणी साचणार नाही, लेसोथोत ते असंच वाढतं. बुंध्याभोवती दोन इंच खडी पसरा, काळी नको, फिकट रंगाची घ्या.

कुंडीतच ठेवायचं असेल तर मातीची, बिनरंगाची घ्या. माठातलं पाणी जसं पाझरून गार होतं तशी ही कुंडी बाजूनं ओल सोडत स्वतःला थंड ठेवते, प्लास्टिक हे करू शकत नाही. त्याहून चांगलं म्हणजे कुंडीत कुंडी, बाहेर एक मोठी मातीची कुंडी, आत रोपाची, मधल्या दोन-तीन इंचाच्या फटीत खडी किंवा परलाईट (पांढरे हलके दाणे), उन्हाळ्यात ती फटही सकाळी ओली करायची. खाली विटा ठेवून कुंडी जमिनीपासून उचलून घ्या म्हणजे काँक्रीटची धग लागणार नाही आणि खालची भोकंही मोकळी राहतील. बशी नको. मिक्सबद्दल सांगायचं तर विकतच्या कॅक्टस मिक्समधे बहुतेक वेळा पीट (दलदलीतलं कुजकं शेवाळ) फार असतं, ते एकदा गच्च ओलं झालं की सुटत नाही आणि एकदा वाळलं की पाणी आत घेत नाही, त्यामुळे त्यात तेवढंच किंवा दीडपट प्युमिस मिसळल्याशिवाय वापरू नये. मी साधारण ६० टक्के प्युमिस, २० टक्के बारीक ऑर्किड बार्क (झाडाच्या सालीचे तुकडे) आणि २० टक्के चांगलं पॉटिंग मिक्स घेतो, पण या आकड्यांना चिकटून बसू नका, एक झारी पाणी ओतल्यावर ते काही सेकंदात खालून निघालं आणि तरी दुसऱ्या दिवशी बोटाला ओल लागली, की मिक्स जमलं.

पाणी पहाटे किंवा सकाळी लवकर, कारण तेव्हा कुंडी दिवसातली सगळ्यात थंड असते. आणि घालायचं तेव्हा भरपूर, खालून वाहून जाईपर्यंत, रोज घोटभर घालण्यात काही अर्थ नाही, त्यानं वरचा थर सतत ओला आणि खाली मुळं कोरडी असं होतं. किती दिवसांनी हे मला विचारू नका, कुंडीला विचारा, लाकडी काडी तळापर्यंत खुपसून काढा, काडी जेमतेम ओलसर निघाली की पाणी द्या. वसंतात आणि शरदात याची वाढ जोरात असते, तेव्हा पाणीही जास्त आणि नेहमीच्या अर्ध्या ताकदीचं पातळ खत दर दोन-तीन आठवड्यांनी, हे झाड बऱ्यापैकी खादाड आहे. भर उन्हाळ्यात खत बंद. कॅलिफोर्नियात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा, लेसोथोत बरोबर उलटं, म्हणून इथे "अ‍ॅलो आहे, उन्हाळ्यात पाण्याशिवाय राहील" हा हिशोब याला लागू होत नाही.

उष्णतेची लाट येणार असं हवामान खात्यानं सांगितलं की आदल्या दिवशी पहाटे नीट पाणी द्या, ३०-४० टक्क्यांचं शेडनेट बांधा किंवा कुंडी उचलून उत्तरेच्या बाजूला न्या, आणि लाट असेपर्यंत दुपारी-संध्याकाळी पाण्याला हात लावू नका. कुंडीची माती हाताला कोमट लागत असताना पाणी घालायचंच नाही, हा एक नियम मात्र मी अगदी कडक पाळतो. काहीजण वर बर्फाचे तुकडे ठेवतात, त्यानं वरचा इंचभर भाग थोडा वेळ गार होतो आणि खाली काही फरक पडत नाही, सावली केलेली शंभरपट बरी.

थंडीची चिंता करू नका, बर्फाखाली राहणारं झाड आहे, मुळांपाशी निचरा असेल तर उणे ८-१० डिग्रीसुद्धा सोसतं, तुमच्याकडची उणे दोनची पहाट याच्यासाठी काहीच नाही. पोंग्यात पांढरा कापूस दिसला तर तो मिलीबग, स्पिरिटमधे बुडवलेल्या ब्रशनं टिपून काढा. पानांवर गाठी, वेडीवाकडी फुगीर वाढ दिसली तर तो अ‍ॅलो माइट, तेवढा भाग कापून कचऱ्यात टाका, कंपोस्टमधे नाही.

आता पुण्याचं. रोप बॅगेत घालून नेऊ नका, ही विनंती आहे. अ‍ॅलो पॉलिफिला साइट्स या दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापारावर सगळ्यात कडक निर्बंध, नर्सरीत वाढवलेलं असलं तरी कागदपत्रं लागतात, शिवाय भारतात रोप न्यायचं तर इम्पोर्ट परमिट आणि फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (रोपाला रोग-कीड नसल्याचा दाखला). लेसोथोत १९३८ पासून याला कायद्याचं संरक्षण आहे, तरी डोंगरातून उपटून रस्त्याच्या कडेला विकली गेलेली झाडं काही थोडीथोडकी नाहीत, आणि अशी उपटलेली झाडं सखल भागात गेली की बहुतेक मरतातच. शिवाय याचं परागीकरण करणारा मॅलाकाइट सनबर्ड, आपल्या शिंजीर पक्ष्याचा भाऊबंद, तोही त्या भागात कमी झालाय, म्हणजे डोंगरात नवी रोपं यायची वाटही अरुंद झालीय. म्हणून मी हे झाड फक्त बियांपासून किंवा टिश्यू कल्चरनं तयार केलेलंच घ्या असं सगळ्यांना सांगत असतो.

आणि कागदपत्रं झाली तरी पुण्यात ते जगेल का? एप्रिल-मे मधे ३८-४० डिग्री, रात्री २२-२४, आणि लगेच चार महिने दमट कोमट पावसाळा, म्हणजे याला नको असलेलं सगळं एकापाठोपाठ. कोथरूडच्या बाल्कनीत नोव्हेंबर ते फेब्रुवारी ते आनंदात राहील आणि मे मधे हाल होतील. महाबळेश्वर-पाचगणीला उन्हाळा सौम्य आहे पण महाबळेश्वरचा साडेपाच हजार मिलिमीटरचा पाऊस वरून छप्पर आणि बाजूनं मोकळा वारा दिल्याशिवाय हे झाड सोसणार नाही. उटी, कोडाईकनाल, सिक्कीम, हिमाचलच्या वरच्या भागात कोणी प्रयत्न केला तर मला खरी आशा वाटते, उंची आणि रात्री दोन्ही जुळतात, पावसापासून आडोसा तेवढा द्यावा लागेल.

भावाला डोंगरी सक्युलंटची हौस असेल तर त्याला शिंदळ माकुडी लावायला सांगा. फ्रेरिया इंडिका या नावानं डॅल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८६० च्या दशकात नोंदवलेली, मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्यावरून नाव पडलेली, फक्त महाराष्ट्रात, जुन्नर-शिवनेरीकडच्या आणि अशा मोजक्या ठिकाणच्या कड्यांवर वाढणारी ही वनस्पती. तीही बसाल्टचीच, फक्त लेसोथोचा बसाल्ट सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचा आणि आपला दख्खनचा साडेसहा कोटींच्या आसपासचा. उन्हाळ्यात पानं गाळून नुसत्या मांसल फांद्या उरतात, पावसाबरोबर पानं येतात आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात गडद लाल, पिवळी नक्षी असलेली फुलं. पुण्याचं तापमान तिचं घरचंच आहे. फांदीच्या तुकड्यापासून सहज येते, पण तुकडा कोणा वाढवणाऱ्याकडूनच घ्यायचा, कड्यावरून अजिबात नाही.

बियांबद्दलही एक सांगतो कारण भाऊ ऑनलाइन मागवायला जाईल. निळ्या, जांभळ्या, इंद्रधनुषी स्पायरल अ‍ॅलोचे फोटो लावून बिया विकतात, तो सरळ खोटा माल आहे, या झाडाला तसे रंग येतच नाहीत. खऱ्या बियांमधेही संकर निघतो, कारण बी धरायला दुसऱ्या झाडाचा पराग लागतो आणि बागेत शेजारी दुसऱ्या जातीचे अ‍ॅलो फुललेले असतात. ताज्या बिया मात्र छान उगवतात, झाकणाच्या पारदर्शक डबीत स्वच्छ पाण्यावर तरंगत ठेवायच्या, उजेडात पण उन्हात नाही, २० डिग्रीच्या आसपास, दोन-चार दिवसांनी पाणी बदलायचं, तीन-चार आठवड्यांत मोड दिसला की ओल्या प्युमिसवर काढायचं.

शेवटचा प्रश्न, पानं फिरत का नाहीत. ताई, तुमच्या रोपात काही दोष नाही, ते अजून लहान आहे. सुरुवातीला पानं फिरकी न घेता साधीच येतात, गुच्छ साधारण २०-३० सेंटिमीटर रुंद झाला की मग हळूहळू पाच रांगा दिसायला लागतात आणि प्रत्येक रांग वळत जाते, त्याला बियांच्या रोपाला काही वर्षं लागतात, आणि आत्ताच्या धक्क्यामुळे तुमचं थोडं मागे पडेल. वळण डावं का उजवं हे उत्तर गोलार्ध-दक्षिण गोलार्धावर ठरतं असं लोक सांगतात, तसं नाही, लेसोथोत एकाच उतारावर दोन्ही प्रकारची झाडं असतात. लहान रोपाकडे बघून ते ओळखता येत नाही, त्यामुळे कोणी "उजव्या वळणाचं" म्हणून छोट्या रोपाचे जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका.